जुन्या ट्रकचा पत्रा वेल्डिंगने वाकडा का होतो?

उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात, हे शिकवताना आपण रेल्वेच्या रुळांमधल्या फटीचे उदाहरण देतो. जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीसारख्या गावातल्या मुलांना रूळ रोज दिसतातच असे नाही. रस्त्याकडेचे वेल्डिंग मात्र सर्वांनी पाहिलेले असते. जुन्या ट्रकच्या केबिनला नवा पत्रा बसवण्याच्या कामात हाच नियम अधिक खोलात शिरून पाहता येतो.

टेल्कोने जमशेदपूरला १९५४ साली डेम्लर-बेन्झच्या सहकार्याने ट्रक बनवायला सुरुवात केली. १९६९ साली करार संपला आणि गाडीच्या नाकावरचा तीन टोकांचा तारा गेला. त्या काळातल्या गाडीची चासी जाड पोलादाची असल्याने टिकते. आधी जातो तो पत्रा. दाराची खालची घडी, मडगार्ड, पायाखालची फरशी अशा ठिकाणी चिखल साठतो, ओल राहते आणि रंगाच्या आतून गंज धरतो. गंजलेल्या पत्र्यावर जोड नीट धरत नाही. म्हणून चांगला धातू लागेपर्यंत पत्रा कापून तिथे नवा तुकडा जोडावा लागतो.

खरी अडचण इथे सुरू होते. वीस गेजचा पत्रा जेमतेम ०.९ मि.मी. जाड असतो. पोलाद वितळते १५०० अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि ऑक्सिजन-ॲसिटिलीनची ज्योत ३१०० अंशांच्या घरात असते. दहा सेंटिमीटर लांबीची पोलादी पट्टी ८०० अंशांनी तापवली, तर ती सुमारे एक मि.मी. वाढते. पट्टी सुटी असेल तर निवल्यावर ती पूर्ववत होईल. पण जोडाजवळचा पत्रा सुटा नसतो. त्याच्या चारी बाजूंना थंड पत्रा असतो आणि तो याला पसरू देत नाही. मग तापून मऊ झालेला भाग आतल्या आत दाबला जातो, किंचित जाड होतो. निवताना आकसू लागतो तो या दाबलेल्या लांबीपासून! साहजिकच तो मूळच्यापेक्षा आखूड पडतो, शेजारच्या पत्र्याला ओढतो आणि पत्र्याला पोट येते.

यासाठी किती तापमान पुरते? साध्या पोलादाला घट्ट अडवून धरले, तर १०० अंशांच्या आसपासची तापमानवाढही त्याला कायमचे दाबायला पुरेशी असते. हे गणित अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांकडून यंगचा गुणांक वापरून करून घेता येईल. जाड चासीतही असाच ताण निर्माण होतो, पण ती सहजासहजी वाकत नाही.

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवताना लोहार हाच नियम उलट बाजूने वापरतो. तापलेली धाव मोकळेपणी पसरते आणि पाणी ओतल्यावर आकसताना लाकूड तिला अडवते. म्हणून ती घट्ट बसते.

जाणता कारागीर सलग जोड मारत नाही. एक टाका या टोकाला, दुसरा त्या टोकाला, तिसरा मध्ये. पत्रा हाताला सोसेल इतका निवला की मधल्या जागा भरायच्या. मग मागे लोखंडी ठोकळा धरून जोडावर हातोडी चालवायची. आखडलेला धातू ठोकून पुन्हा लांबवला जातो. गॅस वेल्डिंगमध्ये उष्णता दूरवर पसरते, पण जोड मऊ राहतो, ठोकता येतो. बारीक तारेच्या सीओटू वेल्डिंगमध्ये पत्रा कमी तापतो, मात्र जोड कठीण होतो. साध्या रॉडने एवढ्या पातळ पत्र्याला बहुधा भोकच पडते. फुगलेला पत्रा बसवायची युक्ती तर फार सुंदर आहे: नाण्याएवढी जागा लाल करायची आणि ओले फडके लावायचे. ज्या आकसण्याने पत्रा बिघडवला, तेच आकसणे इथे कामी येते.

नवा पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला असेल तर जोडाजवळचा मुलामा घासून काढलाच पाहिजे. जस्त ९०७ अंशांनाच उकळते. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. रिकाम्या इंधनटाकीवर वेल्डिंग करणे तर जिवावरचे आहे, कारण आतली वाफ हवेत मिसळून स्फोट होऊ शकतो. बघ्या मुलांनाही धोका आहे. विजेच्या वेल्डिंगच्या चापाकडे उघड्या डोळ्यांनी पाहिले तर अतिनील किरणांनी बुबुळाचा पृष्ठभाग भाजतो. दुखणे लगेच कळत नाही, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे सलते. साधा गॉगल पुरत नाही, वेल्डिंगची गडद काचच हवी.

एक गोष्ट पुष्कळदा राहून जाते. जोडाच्या मागच्या बाजूचा रंग जळून गेलेला असतो. ती बाजू घासून प्रायमर लावला नाही, तर नवा पत्रा नेमका तिथूनच गंजू लागतो. कापून काढलेले जुने तुकडे भंगारात जातात. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत भंगार विजेच्या भट्टीत वितळवून बांधकामाच्या सळ्या करतात. मात्र गंजक्या पातळ पत्र्यातून लोखंड कमी आणि मळी जास्त निघते.