विचारायचं राहून गेलं

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला फोन आला. बार्शीचा मुलगा, सोलापूरला रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेला, नेट-जेआरएफ निघालेली. पुण्यात दोन ठिकाणी इंटरव्ह्यू झाले आणि दोन्हीकडे निवड झाली. "ताई, कोणती लॅब घेऊ?"

"दोन्हीकडच्या मुलांशी बोललास का?"

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाला, "नाही. पण दोन्ही सरांचे एच-इंडेक्स बघितले."

हसू आलं, कारण मीही तेच केलं होतं. माझ्या वेळी एच-इंडेक्सचं एवढं माहात्म्य नव्हतं, मी पेपर मोजले होते. एच-इंडेक्स ही हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली मांडलेली मोजणी. सरांचे चाळीस पेपर प्रत्येकी निदान चाळीस वेळा उद्धृत झाले असतील, तर त्यांचा एच चाळीस. यातून सरांची आजवरची कमाई कळते. तुम्ही लिहिलेला ड्राफ्ट ते आठवड्यात वाचून देतील की सहा महिने टेबलावर ठेवतील, हे त्यात कुठेच नसतं. पुण्यात भाड्याची खोली घेताना पाणी किती वाजता येतं हे विचारणारा मुलगा पुढची पाच-सहा वर्षं मात्र एका आकड्यावर कुणाच्या तरी हवाली करतो.

मी त्याला एक काम दिलं. शोधगंगा उघड. देशभरच्या विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने तिथे ठेवलेत, फुकट वाचता येतात. काही संस्थांचे प्रबंध त्यांच्या स्वतःच्या साइटवर सापडतात. दोन्ही सरांच्या शेवटच्या चार-पाच विद्यार्थ्यांचे प्रबंध काढ आणि रसायनशास्त्र बाजूला ठेवून आधी ऋणनिर्देशाचं पान वाच. सरांचे आभार तीन ओळींत उरकलेत आणि लॅबमेटचे दीड पान मानलेत, तर त्या लॅबमध्ये शिकवतं कोण हे कळतं. मग त्या मुलांचे पेपर काढ. पहिलं नाव कुणाचं आहे? पहिला पेपर कितव्या वर्षी आला? आता ती मुलं कुठे आहेत? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, ज्याचं नाव चौथ्या वर्षापर्यंत पेपरांवर दिसतं पण प्रबंध कुठेच नाही, असा कुणी आहे का? असला तर त्याला शोध. लॅब सोडून गेलेल्या माणसाशी झालेलं अर्ध्या तासाचं बोलणं इंटरव्ह्यूच्या पूर्ण दिवसापेक्षा जास्त शिकवतं. तो कडवटपणे बोलेल, त्यातलं थोडं वजा करायचं. उरेल ते खरं.

या मुलांची एक गंमत आहे. प्रयोगाच्या बाबतीत ती दहा शंका काढतात. सॉल्व्हंट कोरडा होता का, कंट्रोल ठेवला होता का, तीनदा करून पाहिलं का. स्वतःच्या कामधंद्याबद्दल मात्र एक प्रश्न तोंडातून निघत नाही. सरांना काय वाटेल, हा त्यावरचा मोठा दगड.

आता घड्याळाचं बघू. जेआरएफला, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोला, जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात, दोन वर्षांनी सिनिअर (एसआरएफ) झाल्यावर ४२,०००. घरभाडं वेगळं. ही फेलोशिप सगळी मिळून पाच वर्षांची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात. पुन्हा नोंदणी करून आणखी दोन घेता येतात, आणि स्त्रियांना व चाळीस टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यापुढेही दोन वर्षांची सवलत आहे. म्हणजे नियमाने तुम्ही सहाव्या वर्षी विद्यार्थी असता, पण पगार पाचव्या वर्षीच थांबलेला असतो. ही फट कशी भरायची हे पहिल्याच वर्षी विचारायला हवं. प्रोजेक्टमधून पैसे मिळतात का, आधीच्या मुलांना मिळाले का, किती महिने. सहाव्या वर्षी मेसचं बिल थकलेला मुलगा थिसिस लिहीत नाही, ट्यूशन घेतो.

पुढचं घड्याळ आणखी कडक. इन्स्पायर फॅकल्टी ही नव्या संशोधकाला स्वतःच्या पायावर उभं करणारी योजना आहे. पाच वर्षं, महिना सव्वा लाख आणि वर्षाला सात लाख संशोधनासाठी. पण वयाची अट सर्वसाधारणपणे ३२, स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ३५. नॅशनल पोस्टडॉक्टोरल फेलोशिप पूर्वी एसईआरबी देत असे, आता एएनआरएफ देते. ती दोन वर्षांची आणि वय ३५ पर्यंत, काही गटांना त्यात सूट. सर्वसाधारण गटातला, चोविसाव्या वर्षी नोंदणी केलेला मुलगा तिसाव्या वर्षी डॉक्टर होतो, तेव्हा इन्स्पायरच्या कॅलेंडरात दोनच पानं उरलेली असतात. अटी बदलत राहतात, तेव्हा अर्ज करायच्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी. सिनिअरने सांगितलेल्या अटी तो अर्ज करत होता तेव्हाच्या असतात.

माझ्या एका चुकीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण ती अजून रोज कुठल्या ना कुठल्या लॅबमध्ये होत असते.

तिसरं वर्ष. माझं काम सेंद्रिय रसायनाचं. सात पायऱ्यांची सिंथेसिस होती आणि पाचव्या पायरीवर दर वेळी निम्मा माल जायचा. रात्री दोन वाजता सिलिकाच्या कॉलमखाली टेस्ट ट्यूब बदलत बसायची, प्रत्येक थेंबाची टीएलसी यूव्ही दिव्याखाली धरायची, पहाटे रोटाव्हॅपवर सॉल्व्हंट उडवला की फ्लास्कच्या तळाला पिवळट तेलाचा एक डाग उरायचा. अशी अकरा संयुगं केली. त्यांची जैविक चाचणी दुसऱ्या एका लॅबने केली. पेपरचा ड्राफ्ट ईमेलने आला, तेव्हा माझं नाव तिसरं होतं.

मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी सरांच्या केबिनमध्ये गेले. सर वाईट नव्हते. त्यांनी चष्मा काढला आणि खरंच गोंधळून विचारलं, "मग तू आधी का नाही बोललीस?"

त्याला उत्तर नव्हतं. चाचणी करणाऱ्या मुलीने कामाच्या सुरुवातीलाच तिच्या मॅमना विचारून ठेवलं होतं. मी वर्षभर असं धरून चालले की कष्ट दिसतात. कष्ट दिसत नाहीत. ड्राफ्ट कुणी लिहिला, आकृत्या कुणी केल्या, मीटिंगमध्ये कोण बोललं, ते दिसतं.

लेखक कुणाला म्हणावं याचे नियम जगभर ठरलेले आहेत, हेही मला त्यानंतर कळलं. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या समितीने चार अटी घातल्यात: कामाच्या कल्पनेत किंवा माहिती गोळा करण्यात खरा वाटा, लिखाणात किंवा त्याच्या दुरुस्तीत भाग, छापायच्या आधी मंजुरी आणि पुढे प्रश्न आला तर उत्तर द्यायची जबाबदारी. चारही हव्यात. नुसतं यंत्र वापरू दिलं किंवा पैसे आणले म्हणून लेखक होत नाही. त्यांचे आभार मानायचे. अनेक जर्नलं आता प्रत्येकाने नेमकं काय केलं हे चौदा प्रकारांमध्ये वेगळं लिहून मागतात. नावं कोणत्या क्रमाने लावायची याचा निकाल मात्र यातला एकही नियम देत नाही. तो माणसांनी बोलूनच करायचा असतो.

दुसऱ्या पेपरच्या वेळी मी ए-फोर कागदावर पाच आकृत्यांचे चौकोन काढून केबिनमध्ये गेले. घसा कोरडा. "सर, हा पेपर माझा असेल ना?" ते हसले, पेन घेतलं आणि कागदाच्या कोपऱ्यात नावं लिहिली. माझं पहिलं. तो कागद सेलोटेपने वहीत चिकटवला होता, अजून आहे. टेप पिवळी पडलीय.

विचारण्याच्या बाबतीत मला जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी आठवतात, तेव्हाच्या कमला भागवत. १९३३ साली बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या तिथे जाऊन ठाण मांडून बसल्या आणि कारण मागितलं. एक वर्ष प्रोबेशन, अशा अपमानास्पद अटीवर प्रवेश मिळाला. ते वर्ष त्यांनी काढलं. पुढे १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. घेतली. आज इतका उघड नकार कुणी देत नाही. तो इंटरव्ह्यूत "लग्नाचं काय ठरलंय?" अशा काळजीच्या सुरात येतो. यूजीसीच्या नियमात पीएच.डी. करणाऱ्या मुलींना २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची रजा आहे, आणि ती ठाऊक नसलेल्या मुली मला दरवर्षी भेटतात.

शिफारसपत्रांचा घोळही न विचारण्यातूनच होतो. पोस्टडॉकच्या अर्जाला बहुधा तीन पत्रं लागतात. एक गाइडचं. बाकी दोन कोण देणार? पाचव्या वर्षी मुलं धावतात, आणि ज्यांना तोंडओळखही नाही असे प्राध्यापक चार गुळगुळीत ओळी लिहून देतात. संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्रात उभं राहावं लागतं. बहुतेकांच्या लेखी ती बैठक म्हणजे सह्या आणि सामोसे. पण त्या खोलीतच तुमचं काम वर्षानुवर्षं पाहणारी दोन-तीन लॅबबाहेरची माणसं बसलेली असतात. बैठक संपल्यावर त्यांच्याशी दहा मिनिटं बोललं तर पुढच्या पत्रात मजकूर येतो.

परक्या माणसाला लिहायचं कसं, तेही शिकायला लागतं. "रिस्पेक्टेड सर, युअर एस्टीम्ड लॅब" अशी सुरुवात झालेल्या मेल प्राध्यापक उघडण्याआधीच पुसतात. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर विज्ञानाचा एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर देईन, खाली सही असेल. पोस्टकार्डावर मावेल एवढाच, समोरच्याच्या कामातला एक खरा प्रश्न. अजूनही मेल तेवढीच असावी.

पेपर कुठे छापायचा, यावर फार लिहीत नाही. २०२२ पासून प्रबंधाआधी पेपरची सक्ती यूजीसीने काढली, पण नोकरी देणारे तो मागतातच. पैसे भरा आणि आठवड्यात छापा म्हणणारी दुकानं त्यावरच चालतात. २०१८ साली यूजीसीला स्वतःच्याच मान्य जर्नलांच्या यादीतली ४,३०५ जर्नलं काढावी लागली. मग केअर यादी आली, तिचं केंद्र पुणे विद्यापीठातच होतं. २०२५ मध्ये तीही बंद झाली. यादी नसली तर जर्नल कसं ओळखायचं? ज्या जर्नलातले पेपर तुम्ही स्वतः वाचून वहीत टिपून ठेवले असतील, तिथे पाठवा.

आणि प्राध्यापक व्हायचं नसेल तर? हा प्रश्न लॅबमध्ये कुजबुजत विचारला जातो, कुणी पळून जायचा बेत आखतंय अशा आवाजात. औषध कंपन्यांत प्रोसेस केमिस्ट लागतात. विज्ञानाची पदवी असलेल्याला पेटंट एजंटची सरकारी परीक्षा देता येते. मराठीतून विज्ञान नीट लिहिणारे आजही बोटांवर मोजण्याइतके. हे सगळं तिसऱ्या वर्षी विचारलं तर पुढच्या दोन वर्षांत त्याची तयारी होते. पाचव्या वर्षी विचारलं तर हाताशी असलेल्या वाटांपैकी एखादी बंद झालेली असते.

काल बार्शीच्या मुलाचा पुन्हा फोन आला. दोन्ही सरांचे मिळून नऊ प्रबंध त्याने काढले. एका लॅबमध्ये पेपरांवर नाव असलेली आणि प्रबंध नसलेली एक मुलगी सापडली. ती आता नगरकडच्या एका ज्युनिअर कॉलेजात शिकवते. तिच्याशी चाळीस मिनिटं बोलणं झालं. काय बोललं ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. फोन ठेवताना ती त्याला एवढंच म्हणाली म्हणे, "सोडून सहा वर्षं झाली. हे विचारणारा तू पहिलाच."