छातीतली कळ आणि शहराची वाट

हृदयविकार हा शहरात खुर्चीवर बसणाऱ्यांचा रोग, असे आपल्याकडे अजून पुष्कळजण मानतात. रानात राबणाऱ्याला तो कशाला होईल? पण तंबाखू, रक्तदाब आणि मधुमेह आता खेड्यातही आहेत, आणि त्यांच्या मागोमाग हा रोगही आला आहे. आला नाही, तो त्यावरचा उपचार.

हृदयाला रक्त पुरवणारी नळी गुठळीने बंद झाली, की हृदयाचा तेवढा भाग मरू लागतो. नळी उघडण्याचे मार्ग दोन. पहिला अँजिओप्लास्टीचा. त्याची यंत्रे आणि तज्ज्ञ डॉक्टर मुख्यतः मोठ्या शहरांत. पुण्या-नाशकातला माणूस तिथे तासाभरात पोहोचू शकतो. धडगाव-भामरागडच्या माणसाचा जाण्यातच दिवस मोडतो. दुसरा मार्ग गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा. सोय असेल तर ते लहान रुग्णालयातही देता येते. पहिल्या तीन तासांत त्याचा गुण सर्वांत चांगला. बारा तास उलटल्यावर सहसा उपयोग होत नाही.

गरिबाला किंमत जास्त

२००१ ते २००५ या काळात देशातल्या ५० शहरांतील वीस हजारांवर हृदयरुग्णांची पाहणी झाली. त्यांतल्या निम्म्या रुग्णांना रुग्णालय गाठायला सहा तास किंवा त्याहून अधिक लागले होते. महिन्याभरात श्रीमंतांपैकी शेकडा ५.५ दगावले, तर गरिबांपैकी शेकडा ८.२. उपचारांतला फरक हिशेबात घेतल्यावर मृत्यूंमधली ही तफावत उरली नाही. गरिबाचे हृदय दुबळे नव्हते. त्याला मिळालेला उपचार तोकडा होता.

हे बदलता येते. तामिळनाडूत २०१२ ते २०१४ या काळात लहान रुग्णालये मोठ्या रुग्णालयांशी जोडली गेली. हृदयाचा आलेख, म्हणजे ईसीजी, काढून तज्ज्ञांकडे पाठवायचा, इंजेक्शन द्यायचे आणि मग रुग्ण पुढे न्यायचा, अशी पद्धत बसवली. वर्षभरातले मृत्यू शेकडा १७.६ वरून १४.२ वर आले.

घरच्यांनी काय करावे?

छातीत दडपण, दरदरून घाम, हाताकडे वा जबड्याकडे जाणारी कळ ही मुख्य लक्षणे. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना कधी नुसता दम लागतो, मळमळते, गळून गेल्यासारखे होते. पित्त झाले म्हणून सोडा-ओवा देत रात्र काढू नका. माणसाला चालवू नका, मोटारसायकलवर बसवू नका. १०८ ला फोन करा आणि ईसीजी व इंजेक्शनची सोय जवळ कुठे आहे ते विचारा.

पैशाच्या धास्तीने थांबू नका. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही बसतात. रेशनकार्ड व आधारकार्ड हाताशी ठेवा; योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा.

एक काम मात्र साऱ्या गावाचे आहे. तालुक्याच्या रुग्णालयात ईसीजीचे यंत्र चालू आहे का, ते इंजेक्शन शिल्लक आहे का, रात्री डॉक्टर असतात का, हे येत्या ग्रामसभेत विचारा. उत्तर पंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवा. नसेल, तर मिळेपर्यंत मागत राहा. शहर जवळ आणता येणार नाही. पण पहिला उपचार तालुक्यापर्यंत आणता येईल.