गरम इंजिनाचे झाकण उघडू नका

बहरीनमध्ये उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. मनामाच्या गुदैबिया भागातल्या गर्दीत गाडी रेंगाळली की समोरून वारा लागत नाही. रेडिएटर थंड ठेवण्याचे सारे काम पंख्यावर पडते. म्हणून मोकळ्या रस्त्यावर काटा जागेवर आणि गर्दीत वर, असे झाले तर आधी पंखा तपासून घ्यावा. दोन्हीकडे चढत असेल, तर कूलंटची गळती, अडकलेला थर्मोस्टॅट किंवा पाण्याचा पंप पाहावा लागतो.

काटा तांबड्या खुणेकडे गेला की एसी बंद करून हीटर लावावा. इंजिनाची थोडी उष्णता त्यातून निघते. मग गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. आपण सावलीत बसावे, पाणी प्यावे.

रेडिएटरचे झाकण मात्र लगेच उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असल्याने १०० अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण काढताच दाब सुटतो, त्याची क्षणात वाफ होते आणि तोंड-हात भाजतात. इंजिन पूर्ण निवेपर्यंत, निदान अर्धा तास, थांबावे. घाई करणाऱ्या नातवंडांनाही हे कारण समजावून सांगावे.