‘ओ’ गट आहे, मग जुळणी कशाला?

शस्त्रक्रिया किंवा अवघड बाळंतपण असले की अंबड परिसरातील नातेवाईक जालना वा छत्रपती संभाजीनगरच्या रक्तपेढीत धाव घेतात. तिथे तासभर थांबावे लागले की चीड येते. ‘‘अहो, गट ठाऊक आहे, ‘ओ’ आहे. द्या ना पिशवी!’’ पण हा तास वाया जात नाही.

रक्तगट तपासताना काचपट्टीवरील रक्तात निळा, पिवळा व बिनरंगी असे द्रवाचे थेंब टाकतात. त्यांत प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी असतात. प्रत्येक प्रतिपिंड आपल्या ठराविक खुणेलाच चिकटते. निळ्यातील प्रतिपिंड ‘ए’ खूण ओळखते, पिवळ्यातील ‘बी’, तर बिनरंगी द्रव ‘आरएच’ पाहतो. ओळख पटली की रक्ताच्या गुठळ्या होतात. एकाच प्रकारचे प्रतिपिंड हवे तितके बनवण्याची रीत १९७५ साली कोहलर व मिलस्टीन यांनी शोधली. पेशीतील प्रथिनांना ‘युबिक्विटिन’ची खूण लावणाऱ्या विकरांचा अभ्यासही आज अशाच प्रतिपिंडांनी होतो.

निळ्या-पिवळ्यात गुठळी झाली नाही, की गट ‘ओ’. फसगत इथेच होते. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी एक आगळा गट शोधला. तो दिसे ‘ओ’सारखा, पण ‘ओ’ रक्तही त्याला चालत नसे. हाच ‘बॉम्बे रक्तगट’.

‘ए’ आणि ‘बी’ या खुणा ‘एच’ नावाच्या पायावर उभ्या असतात. हा पाया घालणारे विकर (एन्झाइम) या व्यक्तींत काम करत नाही. पायाच नाही, तर भिंत कुठली? उलट त्यांच्या रक्तद्रवात ‘एच’विरोधी प्रतिपिंडे असतात आणि ‘ओ’ रक्तात ‘एच’ भरपूर असतो. ते चढवले तर जिवावर बेतते.

भारतात सुमारे १०,००० जणांत एकाचा हा गट असतो, असे मानतात. तो ओळखायला रुग्णाचा रक्तद्रव ‘ओ’ पेशींशी मिसळून पाहतात. गुठळ्या झाल्या तर संशय बळावतो. दोष आई-वडील दोघांकडून येतो. म्हणून दात्याचा शोध आधी सख्ख्या भावंडांत घ्यावा. नात्यातल्या लग्नांत ही शक्यता वाढते.

तेव्हा वाचकहो, रक्तपेढीत ‘जुळणी चालू आहे’ असे सांगितले तर घाई करू नका. तो तास रुग्णाच्या जिवाची राखण करत असतो.