खेळांतून परभाषेचा अभ्यास

परभाषेतील शब्द पाठ होणे आणि तो आपलासा होणे, या दोन भिन्न गोष्टी होत. नुसता घोकलेला शब्द लवकर विस्मरणात जातो. परंतु ज्या शब्दावर काही कृती अवलंबून असते, तो मनात अधिक काळ टिकतो. व्हिडिओ खेळांच्या साहाय्याने परभाषा शिकता येईल, ही आशा याच तत्त्वावर आधारलेली आहे. ती कितपत सार्थ आहे, हे जपानमधील दोन उदाहरणांवरून पाहता येईल.

१९९६ साली जपानमध्ये 'पोकेमॉन' या खेळाच्या पहिल्या दोन आवृत्त्या निघाल्या. ज्या 'गेमबॉय' यंत्रावर तो खेळला जाई, त्याचा पडदा अवघा १६० × १४४ बिंदूंचा होता. एवढ्याशा जागेत गुंतागुंतीची कांजी चित्राक्षरे सुवाच्य उमटणे कठीण. त्यामुळे सर्व मजकूर हिरागाना व काताकाना या ध्वनिदर्शक लिप्यांत, शब्दाशब्दांत अंतर सोडून दिलेला होता. साहजिकच या दोन लिप्या शिकलेल्या नवशिक्यासही तो वाचता येतो. लढतीच्या वेळी पडद्यावर 'ताताकाउ' म्हणजे 'लढणे' आणि 'निगेरु' म्हणजे 'पळून जाणे' असे पर्याय येतात. निवडलेल्या शब्दाचे फळ तत्काळ दिसते, आणि तेच शब्द प्रत्येक लढतीत पुन्हा समोर येतात. शिवाय पात्रांचे संभाषण खेळाडूने कळ दाबल्यावरच पुढे सरकत असल्याने कोश पाहण्यास अवधी मिळतो.

मात्र प्रत्येक खेळ असा अवधी देत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जपानमधील ८० विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या जोड्या करण्यात आल्या. जोडीतील एकाने 'पाराप्पा द रॅपर २' हा इंग्रजी गाण्याच्या तालावर कळा दाबण्याचा खेळ खेळावयाचा व दुसऱ्याने तो केवळ पाहावयाचा, अशी योजना होती. नंतरच्या चाचणीत खेळणाऱ्यांपेक्षा पाहणाऱ्यांनाच अधिक इंग्रजी शब्द आठवले. ताल सांभाळण्यात गुंतलेल्या मनाला शब्दांकडे पुरेसे लक्ष देता आले नाही, असा याचा अर्थ लावता येतो.

म्हणून भाषा शिकू इच्छिणाऱ्याने घाईचा खेळ टाळून वाट पाहणारा खेळ निवडावा व अडलेला शब्द वहीत उतरवून घ्यावा. चित्रावरून तर्क करीत पुढे गेल्यास खेळ जिंकता येतो. भाषा मात्र जेथल्या तेथे राहते. संभाषणाचा सराव तर अशा पडद्याकडून मिळत नाही. त्यासाठी ती भाषा बोलणारा माणूसच हवा.