माती परीक्षणाचा आकडा टिकतो एका नारिंगी बाटलीवर. प्रयोगशाळेत प्रमाणित द्रावण बनतं कसं?

खरीप जवळ आला की मातीचे नमुने प्रयोगशाळेत जातात आणि काही दिवसांनी अहवाल येतो. मृद आरोग्य पत्रिकेत १२ बाबी असतात. त्यातली सेंद्रिय कर्बाची ओळ महत्त्वाची, कारण बऱ्याच ठिकाणी नत्राचा डोस तिच्यावरूनच ठरवतात. देशभरात रूढ असलेल्या वर्गवारीत कर्ब ०.५० टक्क्यांच्या खाली गेला की जमीन 'कमी' गटात जाते आणि युरिया वाढवून सांगितला जातो. काही अहवालांत सहा गट असतात, तिथे सीमा वेगळ्या.

हा आकडा निघतो पोटॅशियम डायक्रोमेट या नारिंगी रसायनाच्या द्रावणातून. वॉकली आणि ब्लॅक या दोन शास्त्रज्ञांनी १९३४ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही चालते. वाळवून चाळलेली १ ग्रॅम माती, त्यात १० मिली डायक्रोमेट आणि २० मिली तीव्र गंधकाम्ल. मातीतला कर्ब डायक्रोमेट खातो. अर्ध्या तासाने, उरलेलं डायक्रोमेट किती ते फेरस अमोनियम सल्फेटचं द्रावण थेंब थेंब सोडून मोजतात. म्हणजे सुरुवातीला किती घातलं हे नक्की माहीत असेल, तरच किती खाल्लं गेलं ते कळणार. ज्याची ताकद अशी नक्की माहीत असते, त्यालाच प्रमाणित द्रावण म्हणतात.

इथे लागतं १ नॉर्मल ताकदीचं द्रावण. डायक्रोमेटचा रेणुभार सुमारे २९४.२. या क्रियेत त्याचा एक रेणू ६ इलेक्ट्रॉन घेतो, म्हणून ६ ने भागायचं. एका लिटरला ४९.०४ ग्रॅम लागतात. अर्धा लिटर करायचं तर निम्मे, २४.५२. बारावी सायन्सच्या पोरांना हे गणित तोंडपाठ असतं. हाताने करायची वेळ आली की खरी परीक्षा.

पावडर आधी ओव्हनमध्ये १०५ अंशावर वाळवतात, कारण ओल असेल तर वजनात पाणीच तोललं जातं. मग हवेतली ओल लागणार नाही अशा झाकणाच्या भांड्यात गार करून, सोनाराच्या काट्याहून बारीक काट्यावर तोलतात. बीकरमध्ये थोड्या डिस्टिल्ड पाण्यात पूर्ण विरघळवतात. बोअरचं पाणी इथे चालत नाही, त्यातले क्लोराइडसारखे क्षार मोजणीत लुडबुड करतात. नंतर ते एक लिटरच्या लांब मानेच्या काचेच्या फ्लास्कमध्ये ओततात. बीकर दोन-तीनदा विसळून ते पाणीही त्यातच घालायचं, नाहीतर काठाला चिकटलेली पावडर वाया जाते.

शेतकऱ्याची सवय आणि प्रयोगशाळेची रीत वेगळी पडते ती पुढच्या पायरीला. पंधरा लिटरच्या पंपात आपण पाणी भरतो आणि वर ३० मिली औषध ओततो. फवारणीला ते चालून जातं. प्रयोगशाळेत मात्र 'एक लिटर पाण्यात' असं नसतं, 'एक लिटरपर्यंत' असतं. आधी रसायन, मग पाणी, आणि सगळं मिळून एक लिटर. आधीच लिटरभर पाणी घेऊन त्यात ४९ ग्रॅम टाकले तर द्रावण लिटरपेक्षा जास्त भरतं आणि ताकद उतरते. फ्लास्कच्या मानेवर एक रेघ असते. पाण्याची पातळी काचेला चिकटून कडेला वर चढते, मधे खोलगट राहते. डोळा रेघेच्या समोर आणून खोलगट भागाचा तळ रेघेला टेकवायचा. शेवटचे थेंब ड्रॉपरनेच. फ्लास्कवर तापमानही छापलेलं असतं, बहुधा २० किंवा २७ अंश. गरम द्रावण रेघेपर्यंत भरलं तर गार झाल्यावर ते खाली बसतं. शेवटी बूच लावून फ्लास्क बऱ्याचदा उलटसुलट करायचा. घाईत नेमकं हेच राहतं.

सगळ्याच रसायनांचं असं तोलून जमत नाही. दूध संकलन केंद्रात आम्लता तपासायला वापरतात तो कॉस्टिक सोडा उघड्यावर ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढतो. त्याचं द्रावण आधी अंदाजाने करून मग ऑक्झॅलिक आम्लासारख्या भरवशाच्या द्रावणाशी ताडून पाहावं लागतं. फेरस अमोनियम सल्फेटही हवेने उतरतं, म्हणून दर खेपेला माती न घालता एक कोरी चाचणी लावतात. सगळं ठीक असेल तर १० मिली डायक्रोमेटला अर्धा नॉर्मल फेरस २० मिली लागतं.

कोरी चाचणी घेतली की सगळं सुरक्षित, असा समज असतो. तो अर्धाच खरा. तिने फेरसची कसर भरून निघते, डायक्रोमेटची नाही. गणितात डायक्रोमेट १ नॉर्मल आहे असं धरूनच चालतात. समजा कुणी ४९.०४ च्या जागी ४४ ग्रॅमच तोलले. मग खरा कर्ब ०.४६ टक्के असलेल्या जमिनीचा आकडा ०.५१ येईल. 'कमी'ची जमीन 'मध्यम' झाली. 'कमी' गटाला बऱ्याच ठिकाणी शिफारशीपेक्षा पाव हिस्सा जादा नत्र सांगतात, ते या शेतकऱ्याला मिळणार नाही. त्या बाटलीतून जेवढे नमुने तपासले गेले, तेवढ्या सगळ्यांचा कर्ब असाच फुगलेला निघेल.

म्हणून बाटलीवर रसायनाचं नाव, ताकद, बनवल्याची तारीख आणि बनवणाऱ्याची सही असायला हवी. शेतकऱ्याने ती बघायला मागितली तर त्यात काही गैर नाही. डायक्रोमेट विषारी आणि कर्करोगकारक आहे, तोंडाने पिपेट ओढायची जुनी सवय इथे अंगाशी येते. उरलेलं द्रावण नाल्यात सोडणंही चूकच.

काही जण पडताळ्यासाठी एकाच मातीचे दोन नमुने वेगवेगळ्या नावांनी एकाच प्रयोगशाळेत देतात. त्यातून हाताची चूक सापडेल, बाटलीची नाही, कारण बाटली दोन्हींना तीच. शंका असेल तर माती नीट एकत्र कालवून तिचे दोन भाग करावेत आणि दुसरा भाग दुसऱ्या प्रयोगशाळेत द्यावा.