कानाखालचे हाड आणि न दिसणारे दुखणे



मी डॉक्टर नव्हे. कामगार संघटनेचा कार्यकर्ता आहे. दुखणे डोळ्यांना दिसत नाही म्हणून कामगाराचा रजेचा अर्ज फेटाळला जातो, तेव्हा त्याच्या बाजूने भांडणे हे माझे काम. अशाच एका लपलेल्या दुखण्याची माहिती आज आपल्यापुढे ठेवतो.

कानाखाली, कवटीच्या बुडाशी, दोन्ही बाजूंना बोरूसारखे एकेक निमुळते हाड असते. वैद्यकात त्याला स्टायलॉइड म्हणतात. त्याची लांबी साधारण अडीच सेंटीमीटर. ती तीनच्या पुढे गेली, किंवा त्या हाडापासून गळ्याकडे जाणारा बंध हाडासारखा टणक झाला, तर शेजारच्या मज्जातंतूंवर वा रक्तवाहिनीवर दाब येऊ शकतो. मग गिळताना टोचते, घशात काही अडकल्यासारखे वाटते, मान वळवताच कळ कानात जाते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे डॉक्टर वॉट ईगल यांनी १९३७ साली या विकाराचे वर्णन केले. त्यांचेच नाव त्याला मिळाले.

आता हा ओळखावा कसा? दाढ, टॉन्सिल, जबड्याचा सांधा, मानेचे मणके यांची दुखणीही अशीच. त्यामुळे रोगी दवाखाने पालथे घालतो, प्रसंगी चांगली दाढही गमावतो. जाणता डॉक्टर आधी नीट विचारपूस करतो. मग टॉन्सिलच्या जागी बोटाने चाचपतो. टणक टोक लागले आणि रोग्याची नेहमीची कळ उठली, तर संशय बळावतो. तेथे बधिरतेचे इंजेक्शन दिल्यावर कळ थांबली, तर तो आणखी पक्का होतो. शेवटी क्ष-किरण किंवा सीटी स्कॅनने लांबी मोजतात. घसा बरेच दिवस दुखत असेल, तर कर्करोग नाही ना, हेही पाहावेच लागते. तंबाखू खाणाऱ्याने तर हयगय करूच नये.

मात्र नुसते हाड लांब दिसले म्हणजे रोग सापडला, असे नव्हे. लांब हाड असलेल्या बहुतेकांना काहीच त्रास नसतो. रोग्याचे बोलणे, डॉक्टरचे बोट आणि यंत्राचे चित्र, तिघांची साक्ष जुळली पाहिजे. मग औषधे, इंजेक्शने, आणि तेवढ्याने न भागल्यास शस्त्रक्रियेने वाढलेला भाग काढणे, असे उपाय आहेत.

तेव्हा श्रोतेहो, "तपासणीत काही निघाले नाही" याचा अर्थ "दुखत नाही" असा कोणी करू नये. योग्य जागी अजून तपासले नाही, एवढाच कधी कधी त्याचा अर्थ असतो.